बिघडलंय की कालबाह्य झालंय?

फ्रीज एकदम बंद पडत नाही. आधी तो टक्‌टक्‌ करतो. मागच्या बाजूने ‘टक्‌’, क्षणभर गुरगुर, पुन्हा ‘टक्‌’, मग चार-पाच मिनिटं शांतता आणि परत तेच. मे महिन्यात कुर्डुवाडीत पारा चाळिशी ओलांडतो. संध्याकाळी सगळ्या घरांतले कूलर एकाच वेळी सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं आणि हा आवाज घरोघर ऐकू येऊ लागतो. फ्रीजच्या पोटातला कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, कमी दाबामुळे फिरत नाही, जास्त करंट ओढतो, तापतो आणि त्याला जळू न देण्यासाठी बसवलेला ओव्हरलोड वीजपुरवठा तोडतो. थंड झालं की पुन्हा जोडतो. टक्‌.

या आवाजाचे अर्थ तीन. वीज कमी दाबाने येत असेल तर फ्रीजला काहीच झालेलं नाही, स्टॅबिलायझर हवा. कॉम्प्रेसरला चालना देणारी रिले किंवा तो ओव्हरलोड गेला असेल तर काही शे रुपयांत काम होतं. आणि कॉम्प्रेसरच जाम झाला असेल तर आकडा हजारांत जातो. घरात मात्र तिन्ही वेळा एकच वाक्य उच्चारलं जातं : “फ्रीज गेला वाटतं, नवाच घेऊन टाकू.” दिवाळीच्या तोंडावर तर हे वाक्य जास्तच लवकर तोंडात येतं, कारण दुकानांवर ‘जुना द्या, नवा घ्या’चे फलक आधीच लागलेले असतात.

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न कुर्डुवाडीला नवा नाही. हे गावच मुळात दुरुस्तीवर पोसलेलं आहे.

माढा तालुक्यातलं हे जंक्शन एके काळी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखलं जाई. मुंबई-सोलापूरच्या मोठ्या लोहमार्गाने बार्शीची बाजारपेठ बाजूला टाकली होती. ती जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आखली. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे कॅल्थ्रॉपचं सूत्र. त्यामुळे हलके रूळ पुरत आणि खर्च आटोक्यात राही. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा १९५४ साली सरकारने ताब्यात घेतला.

एवढी इंजिनं, एवढे डबे चालते ठेवायचे तर कारखाना हवाच. कुर्डुवाडीचं नॅरोगेज वर्कशॉप त्यासाठीच. अशा कारखान्यात सुटा भाग इंग्लंडहून येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नसतं. बुश झिजलं की लेथवर नवं काढायचं, पत्रा गंजला की कापून जोड द्यायचा. वाफेची इंजिनं पन्नास-पन्नास वर्षं चालली ती अशी. बार्शी लाइटचे रूळ गेल्यावरही या वर्कशॉपचं काम संपलं नाही; नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे देखभालीला इथे येत राहिले.

आणि तरीही नॅरोगेज गेलीच. २००० सालानंतर टप्प्याटप्प्याने पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला. इंजिनं दुरुस्त होईनाशी झाली म्हणून हे घडलेलं नाही. कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत होती. लातूरहून निघालेला डबा थेट मुंबईला जाऊ शकत नव्हता. हा दोष कुठल्याच लेथवर निघणारा नव्हता.

घरातल्या यंत्रांचा निवाडा करतानाही हाच फरक पाहावा लागतो. वस्तू बिघडली आहे की काळाशी, विजेच्या बिलाशी, घराच्या गरजेशी तिचं जमेनासं झालं आहे? पहिलं असेल तर मिस्त्री. दुसरं असेल तर दुरुस्त होत असूनही ती बदलणं शहाणपणाचं ठरू शकतं. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच प्रश्नात कोंबल्यामुळे. धडधाकट पण बिघडलेल्या वस्तू भंगारात जातात आणि वीज खाणाऱ्या, पण ‘अजून चालतंय ना!’ म्हणून ठेवलेल्या वस्तू वर्षानुवर्षं घर पोखरत राहतात.

याचं चांगलं उदाहरण छतावर लटकलेलं असतं. पंखा हळू फिरू लागला की बहुतेक वेळा दोष असतो कंडेन्सरचा. अडीच मायक्रोफॅरडचा हा आगपेटीएवढा डबा पन्नास-साठ रुपयांत मिळतो आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. खरखर असेल तर बेअरिंग. हे दोन्ही बिघाड म्हणजे पंखा बदलण्याचं कारण नव्हे. वायंडिंग जळालं तर मात्र थांबून विचार करावा. जुन्या पंख्यात तांब्याची तार असते, तो भरून घेता येतो. अलीकडच्या स्वस्त पंख्यांत अनेकदा ॲल्युमिनियमची तार निघते. ती पुन्हा भरण्याची मजुरी पंख्याच्या किमतीला भिडते.

आता दुसरी बाजू. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. इलेक्ट्रॉनिक मोटारीचा, म्हणजे बीएलडीसी पंखा, ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. सोलापूर जिल्ह्यात वर्षातले अडीचशे दिवस तरी पंखा लागतो. बैठकीच्या खोलीत तो रोज पंधरा तास फिरला तर वर्षाला सुमारे १७० युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेतेराशे रुपये झाले. अडीच-तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत स्वतःची किंमत फेडतो. शिवाय घरगुती विजेत शंभर युनिटांच्या पुढचा टप्पा महाग पडतो, त्यामुळे वाचणारी युनिटं बहुधा महाग टप्प्यातलीच असतात. म्हणजे इथे नीट चालणारा पंखाही काढून टाकणं हिशेबात बसतं.

पण तोच पंखा देवघरात रोज तासभर फिरत असेल तर? वर्षाला अकरा युनिटं, नव्वद रुपये. नवा पंखा तीस वर्षांनी परवडेल. तेव्हा एकाच घरातले सारखेच दोन पंखे, एक बदलण्याजोगा आणि दुसरा कंडेन्सर टाकून चालवण्याजोगा. छापील सल्ल्यांत सहसा हे सापडत नाही, कारण तिथे वस्तूचं वय विचारतात, ती रोज किती तास चालते हे विचारत नाहीत.

जमाखर्चात एक नोंद राहते. बीएलडीसी पंख्यात छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, ज्याला मिस्त्री मंडळी ‘किट’ म्हणतात. वीज गेल्यावर परत येताना झटका बसला की तो जाऊ शकतो, आणि तो साठ रुपयांच्या कंडेन्सरसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. खरेदीच्या वेळी हमी किती वर्षांची आणि किट वेगळं मिळतं का, हे विचारून घेतलेलं बरं.

कुर्डुवाडी-टेंभुर्णी पट्ट्यात दुरुस्तीचा खरा धंदा पंख्यांवर चालत नाही. तो चालतो मोटारींवर. उजनीचं पाणी, ऊस, डाळिंब, द्राक्षं आणि बोअर; शेताशेतात पाण्यातली मोटार आहे आणि ती जळण्याचं निमित्त बहुतेक वेळा एकच. तीन फेजपैकी एक जातो, मोटार दोनच फेजवर ओढत राहते आणि जळते. मग ट्रायपॉड लावून पाइप वर काढायचे, मोटार गाडीत टाकायची आणि भरायला द्यायची. जळकी तार निघते, स्टेटर मोकळा होतो, नवी तांब्याची तार वेढ्यांचा हिशेब ठेवून बसवली जाते. दर ठरतो अश्वशक्तीवर आणि तारेच्या वजनावर. जुन्या तांब्याचं काय करायचं यावर घासाघीस होते ती वेगळी.

अभियांत्रिकीची पुस्तकं सांगतात की निष्काळजीपणे भरलेल्या मोटारीची कार्यक्षमता घटते. विशेषतः जुनी तार सोडवण्यासाठी स्टेटर बेसुमार तापवला तर. कारखान्यात अशी मोटार चार-पाचदा भरल्यावर बदलतात, कारण विजेचं बिल बोलू लागतं. शेतात ते बोलत नाही. राज्य सरकारच्या बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल येत नाही. जास्त खाल्लेली वीज शेतकऱ्याच्या खिशातून जात नसेल तर तो मोटार सहाव्यांदाही भरूनच घेणार, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करील. दुरुस्ती की बदल हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. त्याचं उत्तर पुष्कळदा मंत्रालयात ठरतं.

सौर पंपाने यात नवा पेच आणला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के रक्कम भरतो आणि बाकीचं अनुदान मिळतं. पंप बिघडला तर पुरवठादार कंपनीने ठरावीक वर्षं पाहायचं. मोटार गावात भरता येते. तिला चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर गावात उघडता येत नाही. ज्या कारागिराने आयुष्यभर शेतकऱ्याला चोवीस तासांत पाणी सुरू करून दिलं, तो इथे नुसता बघत उभा राहतो.

स्वयंपाकघराकडे वळलं तर भारतीय मिक्सरचा जन्मच एका न होऊ शकलेल्या दुरुस्तीतून झालेला आहे. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर जळाला आणि इथे तो दुरुस्त होण्याची सोय नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. आपल्याकडच्या वाटणाला टिकेल अशी दणकट मोटार असलेलं यंत्र त्यांनी स्वतःच उभं केलं आणि त्यातून ‘सुमीत’ आला. परदेशी यंत्र मऊ फळं आणि सूप यांच्या हिशेबाने केलेलं होतं. इथे त्याच्यापुढे सुकं खोबरं, हळकुंड आणि भिजवलेली डाळ येत होती.

सोलापुरी शेंगदाण्याची चटणी खरं तर उखळात कुटायची. ती मिक्सरच्या छोट्या भांड्यात रेटली की दाण्याला तेल सुटतं, पातं रुतून बसतं, मोटार तापते आणि बंद पडते. अशा वेळी मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबायचं. ते ओव्हरलोडचं बटण आहे आणि ते दाबल्यावर ‘मेलेले’ कितीतरी मिक्सर जिवंत होतात. त्यानंतरचे नेहमीचे बिघाड म्हणजे झिजलेला कपलर, भांड्याचा गळका बुश आणि मोटारीतले कार्बन. तिन्ही भाग स्वस्त, तिन्ही सहज मिळणारे. आर्मेचर जळालं तर विचार करावा. साध्या मिक्सरमध्ये तो खर्च करण्यात अर्थ नसतो, जुन्या दणकट यंत्रात असतो.

आणि कूलर! दुरुस्तीला सोप्या वस्तूचा आदर्श पाहायचा तर उन्हाळ्याआधी पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या दुकानापुढे उभं राहावं. पत्र्याची पेटी, एक पंख्याची मोटार, एक छोटा पंप, तीन बाजूंना जाळी. एवढंच. पंप गेला तर काही शे रुपयांत दुसरा येतो. वाळा किंवा लाकडाची लोकर कुजली तर नवी भरतात. तळ गंजला तर पत्र्याचा तुकडा जोडून रंग मारतात. कुठल्याही भागावर कंपनीचा शिक्का नाही, म्हणून कुठलाही भाग कुठेही बसतो. प्लॅस्टिकचा देखणा कूलर आवाज कमी करतो, गंजत नाही, पण त्याची टाकी तडकली की कूलर संपला. पत्र्याच्या कूलरवर नाकं मुरडणाऱ्यांनी इतकं तरी मान्य करावं की दुरुस्ती-योग्यतेचे जे निकष आज युरोपात आणि दिल्लीत लिहिले जात आहेत, ते या पेटीत जन्मापासून आहेत.

वॉशिंग मशीनमध्ये नेमकं याच्या उलट घडत गेलं. दोन टाक्यांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन म्हणजे पट्टा, टायमर, सील, मोटार; गावातला मिस्त्री ते डोळे मिटून उघडतो. पुढून उघडणाऱ्या काही मशीनांत बाहेरची टाकी कायमची सांधून बंद केलेली असते. बेअरिंग काही शे रुपयांचं, पण तिथवर पोचायला वाट नाही, म्हणून अख्खा ड्रम बदलायचा आणि त्याची किंमत नव्या मशीनच्या किमतीशी स्पर्धा करते. हा बिघाड नव्हे, हा कारखान्यातच घेतलेला निर्णय आहे. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. हीटरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, कॉइल जळते, गिझरमध्येही तेच. तिथे कॉइल आणि आतली मॅग्नेशियमची कांडी वेळच्या वेळी बदलली तर टाकी वर्षानुवर्षं टिकते, पण टाकीच गळू लागली तर दुरुस्तीच्या नादी लागू नये.

टीव्हीचं सूत्र सोपं आहे : काच फुटली तर संपलं, कारण पॅनेलच टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा असतं; आवाज येतोय पण चित्र काळं, तर बॅकलाइटच्या पट्ट्या बदलून काम होऊ शकतं.

‘नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर टाकून द्या’ असा एक नियम पाश्चात्त्य ग्राहक-मासिकांनी रूढ केला आहे. ढोबळमानाने तो वाईट नाही. पण निम्मी किंमत कशाची? कुर्डुवाडीत अधिकृत सेवा केंद्राचा माणूस बहुतेक वेळा सोलापूरहून यायचा, ८० किलोमीटरवरून. त्याच्या भेटीचा आकार वेगळा, सुट्या भागाचा वेगळा, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तेच काम स्थानिक मिस्त्री पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग मागवून करतो, आणि आकडा बराच खाली येतो. मग ‘निम्मी किंमत’ ही रेघ दुरुस्ती कोण करतोय यावर सरकते. दहा वर्षांच्या हमीचंही तसंच. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी म्हणजे बहुधा फक्त त्या एका भागाची; गॅस, मजुरी, ने-आण आणि किट यांचे पैसे ग्राहकाचे.

गॅसविषयी एक गोष्ट ठाम सांगता येते. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घेणारी’ घरं दरवेळी गळतीचेच पैसे भरतात. गळती बाहेरच्या सांध्यात असेल तर ती बुजवता येते. आतल्या भिंतीत गाडलेल्या नळीत असेल तर तिथे फ्रीजचा निरोप घेणं योग्य. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही थोडे ग्रॅम. हा वायू पेट घेतो. जुन्या सवयीने ज्योत लावून जोड मारणाऱ्या हातात तो फ्रीज देणं धोक्याचं आहे. मिस्त्री कोणता गॅस, कुठून आणि कसा भरणार हे विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे.

सरकारदरबारी हालचाल आहे, पण सावकाश. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. त्यात शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. पुढे दुरुस्ती-योग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती आली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. वस्तू किती सहज सुटी होते, भाग मिळतात का, केवढ्याला, कोणती हत्यारं लागतात, यांवर गुण देण्याची ही कल्पना. फ्रान्सने असे गुण १ जानेवारी २०२१ पासून वॉशिंग मशीन आणि टीव्हीसह पाच प्रकारच्या वस्तूंवर छापायला लावले. आपल्याकडे सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करायचं घाटतं आहे. फ्रीज-वॉशिंग मशीनची पाळी कधी येईल ते पाहायचं. वीज किती लागते हे ताऱ्यांनी कळू लागलं तेव्हा लोक तारे मोजून फ्रीज घेऊ लागलेच ना?

बदलायचं ठरल्यावर जुन्या वस्तूचं काय होतं, हा या गोष्टीचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. कागदावर उत्तर आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तूंचे प्रकार २१ वरून १०६ झाले आणि त्यांच्या पुनर्वापर-प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आली. रस्त्यावरचं उत्तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर असतं. त्याला तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड हवं. कॉम्प्रेसरची नळी पहारीने तोडली की गॅस हवेत आणि तेल मातीत जातं. जुन्या फ्रीजमध्ये ओझोनचा थर खाणारा आर-१२ असायचा. त्याचं उत्पादन भारतात २०१० पर्यंत बंद झालं, पण तेव्हाचे फ्रीज अजून कुठे कुठे आहेत.

मात्र भंगारापर्यंत पोचण्याआधी गावाकडच्या वस्तूला दोन-तीन आयुष्यं मिळतात. गावातला जुना फ्रीज शेतातल्या वस्तीवर जातो. जुना टीव्ही सालगड्याच्या खोलीत. तिथेही चालेना की मिस्त्रीच ती वस्तू किरकोळ रकमेला विकत घेतो आणि दुकानामागे उभा करतो : याचा टायमर, त्याचं दार, तिसऱ्याची मोटार. कंपनीने ज्या मॉडेलचे भाग बनवणं कधीच थांबवलं, त्यांचा साठा अशाच परसात असतो. एक्स्चेंजमध्ये दिलेली वस्तू या साखळीत येते की थेट फोडली जाते, हे दुकानदाराला विचारून पाहावं. तो देईल त्या रकमेपेक्षा मिस्त्री जास्त देतो असंही पुष्कळदा आढळतं.

या दिवाळीत नवी वस्तू घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला ताऱ्यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारता येतील. मशीनची टाकी उघडणारी आहे की सांधलेली? किट वेगळं मिळतं का, आणि आज केवढ्याला? सर्वांत जवळचं सेवा केंद्र कुर्डुवाडीत, बार्शीत की सोलापुरात? बहुतेक विक्रेत्यांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतात. चार दुकानं सोडून बसलेल्या मिस्त्रीला माहीत असतात, कारण दोन वर्षांनी ते मशीन उघडण्याची वेळ त्याच्यावरच येते.